चावरी खतावणी, सरपटती पोथी: सांगलीतल्या प्रकल्प नोंदी

काम: बालनाट्यासाठी तीन ग्रंथप्राणी. मुदत ५ नोव्हेंबर, रंगभूमी दिन. माणसं दोन, वेळ रविवारचा आणि अधूनमधून एखादी संध्याकाळ. मापं आमच्या पट्टीची, किमती आमच्या बिलांच्या. हेच कुणाला करायचं असेल तर आमच्या चुका पुन्हा करू नयेत, म्हणून या नोंदी.

६ जुलै

आधी प्राणी ठरवले.

खतावणी: दिवाळीत वहीपूजनाला नवी वही आली की जुनी चिडते, आणि ज्याची उधारी बाकी आहे त्याला चावते. पोथी: बासनातून निसटते आणि फळीवरून सरपटत जाते. शब्दकोश: कासव, अर्थ विचारला की मान बाहेर काढतो.

मग शरीर. पुस्तकाची पाठ तीच प्राण्याची पाठ, ती हलणार नाही. पानांची मोकळी कड म्हणजे तोंड, वरचा पुठ्ठा म्हणजे वरचा जबडा, पानांचा गठ्ठा म्हणजे पोट आणि श्वास तिथेच दिसला पाहिजे. डोळे वरच्या पुठ्ठ्यावर, तोंडाकडच्या कोपऱ्यांत. मधोमध काढून पाहिले तर बेडूक दिसतो. पाय कुणालाच नाहीत. पुस्तकाला पाय लावले की पुठ्ठ्याचा खेकडा होतो.

खतावणीचं माप: पुठ्ठा ३० × २२ सेमी, जाडी ८ सेमी. खालचे ६ सेमी पोकळ पेटी, त्यात यंत्र. वरच्या २ सेमीत खरी पानं. पेटीच्या तिन्ही बाजूंना पानांच्या कडांच्या पट्ट्या चिकटवायच्या म्हणजे सगळा गठ्ठा एकच वाटतो.

१३ जुलै

पानं. पहिला प्रयत्न पूर्ण वाया: ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम) ए३ कागद मधोमध दुमडून ३० पानं शिवली. पुठ्ठा उघडला की पानं फळीसारखी ताठ उभी, आणि बंद करताना एकही पान मागून लवत येत नाही. पुस्तक मेलेलं.

कारण ग्रेन. कागदातले तंतू एका दिशेने पडलेले असतात आणि कागद त्या दिशेने सहज वळतो. आम्हाला मिळालेल्या ए३ मध्ये ग्रेन लांब बाजूने होती, त्यामुळे दुमडल्यावर ती पाठीला आडवी आली. ग्रेन पाठीच्या रेषेतच हवी. ओळखायची रीत सोपी आहे: चौकोनी तुकडा कापून एका बाजूने ओला करा, त्याची सुरळी होईल. सुरळीची नळी ज्या दिशेने, ती ग्रेन. फाडूनही कळतं, ग्रेनच्या दिशेने कागद सरळ फाटतो.

दुसरा प्रयत्न ४५ जीएसएम न्यूजप्रिंटचा, रीळ संपताना उरलेला. ३० पानांचं वजन ७० जीएसएममध्ये सव्वाशे ग्रॅम होतं, यात ८० ग्रॅम. मोटरला हा फरक कळतो, पण खरा फायदा आवाजाचा. झेरॉक्सचा कागद कडकडतो, न्यूजप्रिंट सळसळतो.

बांधणी जुजबंदी, म्हणजे फर्मे दोऱ्याने शिवून केलेली: ३ तावांचा एक फर्मा, म्हणजे ६ पानं, असे ५ फर्मे. पाठीला पाच भोकं, मेण लावलेला सुती दोरा. शिवण नेहमीपेक्षा सैल ठेवली. फक्त पाठीला डिंक लावून बांधलेला नमुनाही केला होता, तो चाळीसेक वेळा उघडमीट झाल्यावर पानं ओकायला लागला.

दात वेगळे करू नका. फोमचे दात लावून पाहिले, मगर झाली. वरच्या १० पानांच्या कडाच करवतीसारख्या कापल्या. जीभ म्हणजे वाचनखुणेची लाल फीत, २ सेमी रुंद.

२० जुलै

पुठ्ठा २ मिमी कप्पा बोर्ड (बाइंडिंगचा जाड पुठ्ठा), वर लाल खादी. खळ घरीच: १०० ग्रॅम मैदा, ६०० मिली पाणी, गुठळी मोडून मंद आचेवर ढवळत राहायचं, चमक आली आणि पळीवरून जाड धार पडू लागली की उतरवायचं. कसर लागू नये म्हणून जुने बाइंडर मोरचूद घालतात, तसं २ ग्रॅम घातलं. मोरचूद विषारी आहे. भांडं वेगळं ठेवा आणि ते पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

बाहेरून कापड चिकटवलं, आतलं अस्तर “नंतर करू” म्हणून सोडलं. सकाळी पुठ्ठा धनुष्यासारखा, मध्ये ९ मिमीचा बाक. ओलं कापड फुगतं, वाळताना आकसतं आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं. दुसऱ्या बाजूने तेवढीच ओढ नसेल तर पुठ्ठा वळणारच. दोन्ही बाजू एकाच बैठकीत चिकटवायच्या, अस्तराची ग्रेन पुठ्ठ्याच्या ग्रेनच्या दिशेने, मग वर्तमानपत्रात घालून वजनाखाली. उन्हाळ्यात एका रात्रीत वाळलं असतं. पावसाळ्यातल्या सांगलीत चार दिवस लागले, आणि रोज वर्तमानपत्र बदलावं लागलं.

२७ जुलै

नवा पुठ्ठा सपाट. पण बिजागरी मजबूत व्हावी म्हणून कापडाच्या घडीत लोखंडी तार घातली होती, तिच्यावर आधी तांब्याची झाक चढली आणि मग ती गंजून कापडावर डाग उतरला. मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड झिजतं. शाळेत खिळा घालून केलेला प्रयोग इथे न ठरवता झाला.

तार काढली. बिजागरी फक्त कापडाची, दोन थर, तिथे खळ नाही तर फेव्हिकॉल. मोरचूदही बंद केलं, कारण प्रयोगानंतर मुलं याला हात लावणार. त्याविना खळीला तिसऱ्या दिवशी बुरशी येते, म्हणून लागेल तेवढीच करायची.

३ ऑगस्ट

जबडा उचलायला एसजी९० सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी छोटी मोटर) थेट बिजागरीवर लावली. ती गुरगुरली, थरथरली आणि पुठ्ठा जागचा हलला नाही. गणित आधी करायला हवं होतं: डोळे, पापण्या धरून जबडा १९० ग्रॅम, तोल बिजागरीपासून १२ सेमीवर, म्हणजे २.३ किलो-सेमी. एसजी९० ची ताकद ४.८ व्होल्टला १.८ किलो-सेमी, तीही अडून थांबेपर्यंतची. सर्व्हो निवडताना लागणाऱ्या ताकदीच्या निदान तिप्पट धरा.

आता एमजी९९६आर, साधारण ९.४ किलो-सेमी, वजन ५५ ग्रॅम. ती पेटीत आडवी बसवली. तिच्या दांड्यापासून जबड्यापर्यंत सायकलचा २ मिमी स्पोक, खाली झेडसारखा वाकवलेला. दांडा २.४ सेमी, जबड्यावरचा टेकू बिजागरीपासून ४ सेमी. सर्व्हो ९० अंश फिरली की तोंड ५० अंशांच्या आसपास उघडतं. स्पोक वर येण्यासाठी पानांत पाठीजवळ १ × ४ सेमीची खाच कापावी लागली, ती प्रेक्षकांतून दिसत नाही.

१० ऑगस्ट

पूर्ण दिवस विजेत गेला. जबडा उचलायला लागला की आर्डुइनो नॅनो (सर्व्होंना आज्ञा देणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) बंद पडून पुन्हा सुरू होत होता, म्हणजे खतावणी दर दोन सेकंदांनी उचकी दिल्यासारखी करायची. आम्ही सर्व्होला वीज नॅनोच्याच ५ व्होल्ट पिनवरून दिली होती. एमजी९९६आर अडकली की अडीच अँपियरपर्यंत ओढते, ते त्या पिनेला झेपण्यातलं नाही.

आता दोन १८६५० सेल (चार्ज होणारे लिथियमचे) एकापुढे एक जोडून, संरक्षण बोर्डासह, तिथून व्होल्टेज उतरवणारं एलएम२५९६ मोड्यूल ५.५ व्होल्टवर आणि मग सर्व्हो. सर्व्होच्या तारांवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. नॅनोचा आणि सर्व्होचा ग्राउंड (ऋण तार) एकत्र जोडा, नाहीतर सर्व्हो वाटेल तशी नाचते.

यातच एक एमजी९०एस (छोटी सर्व्हो) जळाली. मोड्यूलचा स्क्रू कुठल्या व्होल्टेजवर आहे ते न मोजता जोडलं होतं. भरलेले सेल ८.४ व्होल्ट देतात आणि मोड्यूल बहुतेक सगळंच पुढे ढकलत होतं. आधी मल्टिमीटर, मग स्क्रू, मग सर्व्हो. २२० रुपये.

छोटी गोष्ट, पण तासभर खाल्ला: डोळ्यामागचा एलईडी ९ नंबर पिनेवर मंद-तेज होत नव्हता. सर्व्होची लायब्ररी नॅनोचा टायमर १ वापरते, त्यामुळे ९ आणि १० वरचं पीडब्ल्यूएम (वीज झपाझप चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करायची सोय) बंद पडतं. एलईडी ५ वर नेला.

१७ ऑगस्ट

या कामातला सगळ्यात महत्त्वाचा रविवार. जबडा उघडतो, मिटतो, सगळं बरोबर, आणि तरीही ती खतावणी नाही, गॅरेजचं शटर वाटते. शिवाय धोकादायक. स्पोक दोन्ही टोकांना पक्का असल्याने मिटतानाही मोटरचाच जोर. तोंडाच्या काठावर तो ७०० ग्रॅमच्या आसपास, तिथे बोट सापडलं तर मूल हसेल. पण बिजागरीपासून २ सेमीवर तो पावणेआठ किलो भरतो. तिथे बोट जाता कामा नये.

उपाय म्हणजे स्पोकचं वरचं टोक जबड्यापासून सोडवलं. टोकाला प्लास्टिकचा मणी चिकटवला, तो जबड्याला खालून फक्त ढकलतो. मिटवायच्या वेळी सर्व्हो झपकन खाली जाते आणि जबडा स्वतःच्या वजनाने पडतो. सोबत आतून एक रबर, साधारण १५० ग्रॅम ओढीचं. पुस्तक हातातून निसटून मिटावं तसा “थप्प” आवाज आला, आणि पानांमधली हवा बाहेर फेकली गेल्यामुळे जीभ आपोआप फडफडली. जिभेसाठी वेगळी मोटर घेणार होतो, ती यादीतून कटाप.

तोंड ५० अंशांपेक्षा फार उघडू नका. पुठ्ठा उभा होत आला की वजनाने पडत नाही, तसाच आ वासून राहतो. मण्याने अस्तराला दोन दिवसांत भोक पाडलं. तिथे प्लास्टिक फाइलच्या पुठ्ठ्याची पट्टी लावली.

३१ ऑगस्ट

गणपतीत एक आठवडा गेला. आज श्वास.

आधी पिवळ्या गिअर मोटरवर तिरकी चकती लावून पानं खालून उचलली. ६० फेऱ्यांची मोटर, म्हणजे मिनिटाला ६० श्वास. धापा टाकणारं कुत्रं. त्याऐवजी एमजी९०एस, पानांखालच्या पातळ पुठ्ठ्याला तोंडाच्या बाजूने ८ मिमी उचलते. आत घ्यायला २ सेकंद, सोडायला ३, मध्ये क्षणभर थांबा. मिनिटाला ११-१२ श्वास. उचलणं आणि सोडणं सारख्या वेळाचं ठेवलं तर यंत्र वाटतं.

एकेक अंशाने सरकताना झटके दिसत होते. आज्ञा अंशांऐवजी मायक्रोसेकंदांत (सर्व्होला जाणाऱ्या सिग्नलच्या लांबीत) दिली, थोडं सुधारलं. उरलेले झटके सर्व्हो आणि पुठ्ठ्यामध्ये भांडी घासायच्या स्पंजची १ सेमी पट्टी ठेवल्यावर गेले.

७ सप्टेंबर

डोळे. रेझिनचे अर्धगोल ओतले. दमट हवेत वरून चिकट आणि दुधाळ राहिले. ४५० रुपये गेले. २५ मिमी काचेचे कॅबोशॉन (खालून सपाट, वरून फुगीर) घेतले, खाली छापील बुबुळ. पापण्या खादीच्या. बुबुळ इंकजेटवर छापू नका, पाण्याच्या डिंकाने शाई पसरते. झेरॉक्स किंवा लेझर प्रिंट टिकतो.

१४ सप्टेंबर

कातडी आणि वय. सांगलीत बसून पानं पिवळी करायची तर हळद, असा विचार केला. १ लिटर पाण्यात २ चमचे हळद, पानं बुडवून खिडकीच्या कट्ट्यावर वाळत घातली. कट्ट्याला नुकताच चुना लावलेला. हळदीला चुना लागला की काय होतं ते देवघरात सगळ्यांना माहीत असतं. कट्ट्यावर मात्र आठवलं नाही. १४ पानांवर कुंकवाचे डाग. उरलेली उन्हात आठवड्याभरात फिकी पडली, कारण हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. शेवटी चहाच: १ लिटर पाण्यात ४ चमचे पूड, उकळून गाळून, गार झाल्यावर स्पंजाने, बुडवून नव्हे. अर्धवट ओल्या पानांना कोमट इस्त्री. डागाळलेली दोन पानं मुद्दाम तोंडाजवळ ठेवली.

अक्षरं मोडीत, जुन्या हिशेबाच्या वह्या मोडीतच असायच्या. मोडीत आधी ओळभर आडवी रेघ ओढतात आणि अक्षरं तिला खाली टांगत जातात. उलट केलं तर जाणत्याला लगेच खोटं कळतं. बोरू आणि काळी शाई, प्रत्येक पानावर नाही, फक्त वरच्या सहा पानांवर.

किडीच्या खुणाही तशाच नीट कराव्यात. कसर कागदाचा पृष्ठभाग खरवडते, त्यासाठी बारीक पॉलिश पेपर. वाळवी कडेकडेने खाते. आरपार भोकं भुंगेऱ्याच्या अळीची, ती ओळीने सगळ्या पानांत एकाच जागी हवीत, म्हणून पानं गठ्ठ्यात धरूनच तापलेल्या सुईने पाडा.

२१ सप्टेंबर

पोथी. हिला वीज नाही, काळ्या कपड्यातला कलाकार दोन काड्यांनी चालवतो. मोटरऐवजी बाहुली करतोय याची सांगलीत लाज वाटायचं कारण नाही; १८४३ मध्ये इथे नाटक उभं करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनीही लाकडी बाहुल्या घडवल्या होत्या.

हातकागदाची ४० सुटी पानं, ३० × ११ सेमी, दोन टोकांना लाकडी फळ्या, दोन दोऱ्यांत ओवलेली. पानांमध्ये १२ मिमी लांबीचे स्ट्रॉचे तुकडे. पहिल्या चाचणीत सगळी पानं एकाच बाजूला कलली; वाळत घातलेल्या पापडांसारखी दिसत होती. दोऱ्याची भोकं पानाच्या मध्यावर होती. ती वरच्या कडेपासून ३ सेमीवर घेतली, तेव्हा पानं उभी लटकली आणि पुढची फळी उचलल्यावर लाट मागेपर्यंत गेली. खर्च ३१० रुपये, वेळ दीड रविवार.

५ ऑक्टोबर

गुरगुर. मोबाइलमधले वाघ-कुत्रे लावून पाहिले, पुस्तकातून आल्यासारखे वाटत नाहीत. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून तंबोऱ्याची पोलादी तार आणली आणि पुठ्ठ्याच्या रिकाम्या पेटीवर ताणली. जवारीवर (तार जिच्यावर टेकते ती घोडी) तारेखाली दोरा सरकवतात, ज्याला जीव म्हणतात, तसाच सुती दोरा घातला. दोरा बरोबर जागी आला की तार नुसती वाजत नाही, भणभणते. तारेवर न्यूजप्रिंटचं पान टेकवलं की पुस्तकाची गुरगुर.

पण तिसऱ्या रांगेत काही ऐकू येईना. म्हणून तोच आवाज रेकॉर्ड करून डीएफप्लेअर मिनीवर (आवाजाच्या फाइल वाजवणारं छोटं मोड्यूल), ३ वॉटच्या स्पीकरने. मोड्यूलच्या आरएक्स पिनेला १ किलोओहमचा रेझिस्टर लावा, त्याशिवाय बारीक शिट्टी येते. स्पीकर पेटीत खाली तोंड करून, टेबलाचं लाकडी पृष्ठ आवाज वाढवतं.

१२ ऑक्टोबर

शब्दकोश-कासव रद्द. सांगाडा आणि पानं मिळून २.८ किलो झालं, मान बाहेर येताना पुढे कलंडतं. वजन मागे टाकलं तर एका माणसाला उचलवत नाही. वेळ उरलेला नाही. संवाद बदलून घेतला.

२६ ऑक्टोबर

दिवाळीनंतर रंगीत तालीम. ४३३ मेगाहर्ट्झचा चार बटणांचा रिमोट पहिल्यांदा रंगमंचावर. बटण एकदा दाबलं आणि खतावणी चावतच सुटली. आम्ही घेतलेला रिसीव्हर एल४ प्रकारचा: एक बटण दाबलं की दुसरं दाबेपर्यंत आउटपुट चालूच. हवा होता एम४, दाबलं तेवढाच वेळ. घेताना चिपवरचा क्रमांक वाचा. २४० रुपये पुन्हा.

दुसरी अडचण लाल प्रकाशाची. लाल खादी लाल दिव्याखाली पांढुरकी दिसते आणि प्राणी हरवतो. प्रकाशयोजना करणाऱ्याला तो फिल्टर काढायला सांगितलं, आणि कडांना पितळी रंगाची पट्टी लावली.

९ नोव्हेंबर

तीन प्रयोग झाले. खतावणीचा खर्च ४,४६० रुपये, त्यात जळलेली सर्व्हो, एसजी९०, चुकीचा रिमोट आणि रेझिन मिळून १,०४० वाया.

दुरुस्ती: पहिल्या प्रयोगात रबर तुटलं आणि चावा मवाळ झाला. घडीच्या जागी ते चिरतं. आता प्रत्येक प्रयोगाआधी नवं रबर, आणि दोन पेटीच्या बुडाला टेपने चिकटवलेली. दातांची पानं मुलांच्या हातांनी लवकर मऊ पडतात, म्हणून वरचा एक फर्मा वेगळा शिवून ठेवला आहे. जुना दोरा कापून नवा बसवायला वीस मिनिटं लागतात. सेल पूर्ण भरलेले असले तर दोन प्रयोग निघतात, तिसऱ्याला श्वास मंद होत जातो. प्रेक्षकांना ते आवडलं, तरी सेल बदला, कारण पुढची पायरी उचकीची आहे.